सगळ्यांची अंघोळ झाल्यावर

खाणीच्या पोटात सगळी माणसं सारखीच काळी असतात, असं आमचे साहेब दर कामगार दिनाला हार घालून घेतल्यावर सांगत. खरंच असतात. भानगड वर आल्यावर, अंघोळीच्या वेळी होते.

ऐंशीनंतरची ती वर्षं. घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत मी लोडर होतो. खाली डब्यांत कोळसा भरायचा. पाळी सुटली की सगळे न्हाणीघरात. कोळशाची भुकटी पाठीला अशी बसते, की आपला हात पोचत नाही. म्हणून जोडीदार. मी किसनची पाठ घासायचो, तो माझी. साबण लावलेल्या माणसाची जात कोणी विचारत नसे.

त्या दिवशी मी नेहमीसारखी पाठ केली. हात आला नाही.

"याची पाठ मी नाई घासत," किसन मोठ्याने म्हणाला. "याले बायको नाई, नवरा पायजे म्हणते."

न्हाणीघर हसलं. वर टीन होतं, त्यामुळे हसू दुप्पट ऐकू आलं. मुकादमाने माझा नळ बंद केला.

"बाहेर हो बे. सगळ्याइचं झाल्यावर ये."

डोक्याला साबण. तसाच टॉवेल गुंडाळून दाराबाहेर उभा राहिलो. आतून एक जण 'बायल्या, बायल्या' असं तालात म्हणत होता. ताल बरा होता.

झालं होतं एवढंच. घरच्यांनी माझ्यासाठी मुलगी पाहिली होती. मी आईला सांगितलं, कोणाच्या पोरीचं वाटोळं करत नाही. मला पुरुष आवडतात. यावर काही औषध असतं का, हे तिने मामाला विचारलं. मामा आमच्याच खाणीत बत्तीघरात होता. खाली उतरण्याआधी प्रत्येक जण तिथून डोक्याचा दिवा घेतो. मामाने दिव्याबरोबर बातमीही दिली.

मग रोज तेच. सगळे निघाले की मी आत. तोवर टाकीत तळाचा गाळ उरलेला. साहेबांकडे गेलो. "हे तुमचं आपसातलं आहे," ते म्हणाले. "जमत नसेल तर राजीनामा दे."

उरले युनियनचे वसंतभाऊ. आमच्याच समाजाचे, आमच्याच वस्तीतले. दर जयंतीला पाण्याच्या हक्कावर त्यांचं भाषण ऐकत मी मोठा झालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जातीवरून बोलले असते तं आजच घेराव घातला असता. याले कायदा कुठी हाय?"

कायदा होता. पण तो मला आत टाकण्यासाठी होता.

"भाऊ, आपल्या आज्याले विहिरीवर असंच थांबवत होते. कोणी वरून ओतलं तं पाणी."

ते ताडकन उठले. "त्याची बरोबरी याच्याशी करतं काय? आपली लढाई इज्जतीची होती!"

"मंग माही कायची हाय? साबणाची?"

तेवढ्यात चहा आला. एकच कप, त्यांचा. किसनचा मला आला नव्हता तेवढा राग त्या कपाचा आला. समता भाषणाला पुरते. वाटायला घेतली की कमी पडते.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटली आणि मी सगळ्यांसोबत आत शिरलो. मुकादम आडवा आला.

"सांगितलेलं समजत नाई काय बे?"

"समजते. म्हणूनच आलो."

"हाजरी कापीन."

"कापा. कारणबी लिहा."

त्याने नळ बंद केला. मी सुरू केला. त्याने पुन्हा बंद केला. मी पुन्हा सुरू. बाकीचे अंगावर साबण वाळवत पाहत राहिले. कपड्यांत होता तो मुकादमच. पुरता भिजल्यावर शिव्या देत निघून गेला.

किसनने कपडे उचलले आणि तसाच काळा बाहेर पडला. त्याच्यामागे आणखी काही जण. मी कोणाला हाक मारली नाही.

नळाखालीच ठरवलं. नोकरी सोडणार नाही. लग्न करणार नाही. दाराबाहेर थांबणार नाही. कोणी पाठ घासो, न घासो. पाळी सुटली की सगळ्यांच्या बरोबरीने अंघोळ करीन, आणि रोज करीन. ज्याला माझ्यासोबत चालत नाही, त्याने घरी जाऊन करावी.

किसन आणि त्याच्यामागून गेलेल्यांच्या वस्तीत नळाला दिवसाआड पाणी यायचं.