दुधातला युरिया आणि देवकाते सरांचा काटा

आमच्या बारामतीच्या कॉलेजातली केमिस्ट्रीची दोन माणसं एका पंगतीत शेजारी बसली, की वाढपी वैतागतात. पानातलं संपतच नाही ना! एक जण म्हणतो, "देवकाते सरांचा तो भिगवणचा किस्सा आठवतो का?" आणि दुसरा आठवायच्या आधीच हसायला लागतो. लॅबमधल्या बाकी सगळ्या गोष्टी संपायच्या. ॲसिड संपायचं, फिल्टर पेपर संपायचे, स्पिरिट कसं संपायचं ते तर कुणी विचारायचंच नाही. किस्से मात्र साठत गेले. नव्वदच्या दशकात मी सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते, शिवाय मुलांची प्रॅक्टिकल्स घेत होते. त्यामुळे माझ्याकडं, म्हणजे सरांच्या राऊतबाईंकडं, जरा जास्तच साठलेत.

देवकाते सर ॲनॅलिटिकल केमिस्ट. घराणं मेंढपाळांचं. वडलांनी मेंढरं विकून शेती धरली आणि पोरगा इलेक्ट्रोड धरून बसला. वर्गात पुस्तकातली मराठी, चिडले की थेट गावाकडची. ध्यास एकच, दुधात कुणी युरिया कालवला तर जागच्या जागी सांगणारा बायोसेन्सर! म्हणजे काय, तर एक काचेची इलेक्ट्रोड आणि तिच्या टोकाला एन्झाइमचा पातळ थर. दुधात युरिया असला की एन्झाइम तो फोडतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि मीटरचा काटा उजवीकडं पळतो. चांगल्या दुधातही युरिया जरासा असतोच, तेवढ्यानं काटा नुसता हलतो. सांगायला एवढं सोपं, पण करायला आमची उमेदीची वर्षं गेली.

हे सगळं चालायचं कॉरिडॉरच्या टोकाच्या एका खोलीत. आणि त्या खोलीवर प्राचार्यांचा डोळा होता. तेव्हा जिकडंतिकडं कॉम्प्युटरचं वारं शिरलेलं. प्राचार्य जाता-येता दारातून डोकवायचे, "चालू द्या, चालू द्या" म्हणायचे आणि नजर मात्र प्लगपॉइंटवर. सरांना पक्कं ठाऊक होतं, खोली गेली की सेन्सर गेला. दुसरी जागा कुणी देणार नव्हतं.

*

आम्हाला लागणारं एन्झाइम परदेशातून यायचं आणि यायचं म्हणजे बहुतेक यायचंच नाही. सरांनी वाचलं होतं की ते तुरीत असतं. लगेच मला घेऊन भुसार दुकानात! दुकानदाराला म्हणाले, तेल लावलेली नको, भाजलेली नको, भरडलेली तर अजिबात नको. अख्खी पाहिजे आणि जिवंत पाहिजे.

दुकानदारानं विचारलं, "सर, खायला पाहिजे का पेरायला?"

"दोन्हीला नको," सर म्हणाले. दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं, की बाई, तुम्ही तरी ह्यांना घरी न्या.

तूर भिजत घातली आणि आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये फोडणीचा वास. आमचे लॅब अटेंडंट मामा, माणूस हौशी, त्यांना वाटलं सरांनी स्टाफसाठी बेत केलाय. बर्नरवर पातेलं चढवून त्यांनी झकास आमटी केली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आठवडाभराचं ठरलेलं काम पातेल्यात गेलं. सरांनी झाकण उचललं आणि मामांना शांतपणे विचारलं, "उकळी आली होती का चांगली?"

"आली की. दोनदा."

"मग एन्झाइम मेलं. आता ह्यात शोधण्यासारखं काही राहिलं नाही. राऊतबाई, भाकरी कुणाच्या डब्यात आहे बघा."

*

एन्झाइम इलेक्ट्रोडच्या टोकाला टिकून राहावं म्हणून बारीक नायलॉनची जाळी लागायची. आम्ही पुण्यापर्यंत शोधली, मनासारखी मिळेना. एक दिवस सर खिशातून निळं कापड काढून म्हणाले, हे लावून बघा. लावलं, आणि काटा पहिल्यांदा एका जागी स्थिर राहिला! आम्ही नाचायचंच बाकी ठेवलं.

त्याच आठवड्यात सरांच्या घरी हळदीकुंकू होतं. वहिनींनी कपाटातून ठेवणीतली निळी नायलॉनची साडी काढली, तर पदराच्या कोपऱ्याला चौकोनी खिडकी! त्यांनी काय करावं? तीच साडी नेसल्या, खिडकी मुद्दाम पुढं घेतली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं, "बाकीची साडी घरात असते, एवढा तुकडा पीएचडीला गेलाय." सर त्या दिवशी जेवायला लॅबमध्ये आले.

*

आता भिगवणचा. आमचं तुरीचं एन्झाइम अस्सलच्या तोडीचं आहे का, हे बघायला सरांच्या पुण्याच्या मित्रानं परदेशी एन्झाइमची एक कुपी दिली. ती थर्मासमध्ये बर्फात ठेवून आम्ही पुण्याहून निघालो. पाटसला बारामतीची गाडी चुकली, म्हणून सोलापूर रोडच्या एस्टीनं भिगवणला उतरलो, तोवर बर्फाचं पाणी झालेलं. भिगवणात बर्फ कुणाकडं असणार? मासेवाल्यांकडं! एका मावशींनी पाटीतला, चिलापी माशांच्या अंगावरचा बर्फ ओंजळी भरभरून थर्मासमध्ये घातला. कुपी घट्ट बंद होती, तिला काही झालं नाही. पण पुढच्या गच्च भरलेल्या एस्टीत आम्हा दोघांना बघता बघता अख्खं बाकडं मोकळं मिळालं.

खोलीत येऊन थर्मास उघडला आणि तेवढ्यात प्राचार्य दोन माणसं आणि टेप घेऊन खोली मोजायला आले. प्राचार्य इतके शाकाहारी, की त्यांना अंड्याचं चित्रसुद्धा चालायचं नाही. दारातच थबकले. रुमाल नाकाला लावून त्यांनी विचारलं, हा प्रयोग किती दिवस चालेल? सरांनी रुमालाकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही हो. वर्षभरही चालेल."

टेप उघडलीच नाही. त्यानंतर प्राचार्य येणार अशी कुणकुण लागली, की सर मला हळूच विचारायचे, "राऊतबाई, भिगवणला कुणी जाणारंय का?"

*

बातमी गावोगाव पोचायची, पण आपापल्या रस्त्यानं. वालचंदनगरच्या बाजूचे एक आबा पिशवी घेऊन आले. म्हणाले, "हितं युरिया वळखत्यात न्हवं?" सर खूश झाले. त्यांना बसवून समजावायला लागले, की दुधाचा थेंब घ्यायचा, मग अमोनिया कसा सुटतो. आबा मान डोलवत होते. डोलवता डोलवता त्यांनी पिशवीतला खताचा युरिया चिमटीनं उचलला आणि बीकरमध्ये टाकून दिला!

काटा जो सुटला तो टोकाला जाऊन आपटला, तो तिथंच. इलेक्ट्रोड पार कामातनं गेली. सर डोक्याला हात लावून बसले. आबा मात्र उठून उभे राहिले, "अस्सल हाय की! आन् म्या त्या दुकानदाराला आठ दिस शिव्या घातल्या." जाताना सरांच्या पाया पडले. पुढच्या आठवड्यात त्यांची भावकी पिशव्या घेऊन रांगेत.

*

हा माझा स्वतःचा. आमचं घर बावड्याचं, वडलांची भाजीपाल्याची बागायत. मला स्थळ आलं इंदापूरचं. घर चांगलं, माणसं बोलायला गोड, दुधाचं संकलन केंद्र. मुलाच्या वडलांनी कौतुकानं विचारलं, मुलगी नेमकं काय शिकते? मला कुणी हे विचारलं की मी सुटायचीच. दुधातला युरिया, काटा, सगळं हातवारे करून सांगितलं.

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "किती टाकला तर कळतंया?"

"चिमूटभरसुद्धा!" मी अभिमानानं म्हणाले.

"आन् साखर?"

"साखरेचंही पुढं करायचंय."

मंडळी लवकर उठली. चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती! आई चिडली, मला थोडं वाईट वाटलं. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "राऊतबाई, आपल्या सेन्सरनं पकडलेली ही पहिली केस."

*

आणि मग तो दिवस आला. प्राचार्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींकडं, दादासाहेबांकडं, खोलीचा विषय काढला. दादासाहेबांना भाषणापेक्षा गंमत जास्त आवडायची. त्यांनी तोडगा काढला. सणसरच्या दूध सोसायटीचे चेअरमन तात्या घरच्या म्हशीच्या दुधाच्या दोन बाटल्या आणतील, एकीत युरिया, एकीत नाही. मशीननं ओळखलं तर खोली सरांची, नाही ओळखलं तर कॉम्प्युटरची. सर तिथल्या तिथं हो म्हणाले.

तात्या आले. बाटल्या सारख्याच, फक्त एकीच्या गळ्याला लाल दोरा. दोऱ्याचा अर्थ तिथं एकट्या तात्यांना माहीत. व्हरांड्यात कॉम्प्युटरची खोकी येऊन पडली होती आणि वायरमन दारात स्टूल घेऊन उभा.

सरांनी पहिल्या बाटलीतलं दूध घेतलं. काटा जरासा हलला आणि थांबला, चांगल्या दुधाला थांबतो तिथं. म्हटलं, चला, युरिया दुसऱ्या बाटलीत. इलेक्ट्रोड धुतली, दुसरीतलं दूध घेतलं. काटा पुन्हा तिथंच! सरांनी पुन्हा करून बघितलं. परत तेच.

तात्या बिचारे अवघडले, त्यांचा सरांवर जीव होता. हळूच म्हणाले, "सर, एकात हाय ओ. म्या सोता युरिया काढून दिलाय घरात." मग सरांनी लॅबमधल्या बाटलीतला युरियाच्या पाण्याचा एक थेंब त्याच दुधात टाकला. काटा सुसाट उजवीकडं गेला.

"वा!" प्राचार्य म्हणाले. "तुम्ही घातला की दिसतो, दुसऱ्यानं घातला की दिसत नाही. मशीन अगदी घरचं आहे." वायरमनसुद्धा हसला. मला रडू येत होतं. मी सरांच्या कानाशी गेले आणि म्हटलं, सर, जाळी खराब झाली म्हणा, दुसरी तारीख मागा. दादासाहेबांनी ती दिलीही असती.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "जाळी चांगली हाय," म्हणाले, तेही मोठ्यानं. पुस्तकातली मराठी गेलेली बघून मी मागं सरकले. "दादासाहेब, ह्या दुधात युरिया न्हाय. ह्यातबी न्हाय आन् त्यातबी न्हाय. आसंल तर ही घ्या किल्ली." आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. प्राचार्यांनी ती उचलून लगेच खिशात टाकली.

म्हणजे तात्या खोटं बोलतात? तात्यांचा चेहरा पडला. दादासाहेब मात्र खुर्चीतनं उठले आणि म्हणाले, "जीप काढा. सणसरला जाऊ."

जीपमध्ये सगळा वेळ सर खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत बसले होते. मी मनात म्हणत होते, आपण चुकलो असलो तर ह्या माणसाचं काय होईल? इतक्या वर्षांचं काम एका काट्यावर लावून बसला होता.

तात्यांच्या घरी आक्का, म्हणजे तात्यांची कारभारीण, गोठ्यात शेण काढत होत्या. जीपमधनं एवढी माणसं उतरलेली बघून त्यांनी पदर सावरला. तात्यांनी विचारलं, "सकाळी लाल दोऱ्याच्या बाटलीत युरिया घातला व्हतास न्हवं?"

आक्कांनी शेणाची पाटी खाली ठेवली. तात्यांनी परत विचारलं.

"न्हाय घातला," आक्का म्हणाल्या.

"अगं, म्या सांगितलं व्हतं की! का न्हाय घातला?"

"माज्या म्हशीच्या दुधात खत कालवू? म्हस आटंल माजी! तुमी चेअरमन आसा न्हायतर कलेक्टर, मी न्हाय घालायची." आणि त्यांनी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला.

तात्या जमिनीकडं बघायला लागले. दादासाहेब तोंडावर उपरणं धरून हसू दाबत होते. सरांनी फक्त प्राचार्यांपुढं हात पसरला. प्राचार्यांनी आधी डावा खिसा चाचपला, मग उजवा, आणि किल्ली सरांच्या हातावर ठेवली.

तात्यांना मात्र अजून पटत नव्हतं. "मग म्या काढून दिलेला युरिया गेला कुठं?"

आक्कांनी शेणाचा हात लांब करून परसाकडं दाखवलं. "त्यो व्हय? त्यो टाकला मेथीला."