कमानीचा ट्रॅक्टर

पेरूची ओली फांदी तोडल्याचा वास आला की पनागरच्या आमच्या शेतावरची एक हिवाळी सकाळ डोळ्यांपुढे येते. जुना ट्रॅक्टर बांधावरून उलटला आणि बाबा त्याच्याखाली सापडून गेले. पुढच्या हिवाळ्यात नवा छोटा ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, तेव्हा दोन कंपन्यांची माणसं आपापला ट्रॅक्टर घेऊन एकाच सकाळी शेतावर आली. मटार फुलावर होता, धुकं नुकतंच विरलं होतं. एक जण डिझेल किती कमी लागतं ते सांगत होता, दुसरा मागची लिफ्ट किती वजन उचलते ते. आईने मधेच विचारलं, "उलटला तं चालवणारा कुठं राहते?" पहिला हसला, "अम्माजी, गिरेगा ही नहीं।" आई म्हणाली, "ह्यांनाही असंच सांगितलं होतं." दुसऱ्याने आपल्या ट्रॅक्टरच्या सीटमागची, उलटल्यावर चालवणाऱ्याला वाचवणारी उंच लोखंडी कमान दाखवली. आई पदर खोचून सीटवर चढली, वाकून बसली आणि डोक्यावरची जागा हाताने चाचपली. दादाने तो ट्रॅक्टर बागेत नेऊन पाहिला, तर कमान पेरूच्या फांद्यांत अडकली. "हा नाही चालत, आई. बिनकमानीचाच घेऊ," तो म्हणाला. ती झाडं बाबांनी हाताने लावलेली. आईने कुऱ्हाड आणली आणि कमानीला आडवी येणारी एकेक फांदी स्वतः तोडली. आता दादाही म्हातारा झालाय. कमान कुठेच घासत नाही. तरी तो ट्रॅक्टर घेऊन बांधाकडे वळला की मी हातातलं काम थांबवते आणि इंजिनचा आवाज ऐकत राहते.