राख आणि टरफलं

काजू सोलून सोलून वासुमतीच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. केरळातल्या कुंडऱ्याच्या काजू कारखान्यांत टरफलाच्या तेलाने हात भाजतात, म्हणून बायका आधी राख चोळतात आणि मगच काजूला हात लावतात. उभा जन्म तिने तेच केलं.

मुलगा प्रशोभने वेगळंच खूळ घेतलं. फेकलेली टरफलं दळायची, त्यात गावच्या खाणीतली पांढरी माती घालायची आणि ते वितळलेल्या प्लास्टिकमध्ये कालवून शाळेच्या बाकांच्या भक्कम फळ्या ओतायच्या. नातेवाइकांनी त्याला वेड्यात काढलं. त्यांना दुसरा उद्योग काय म्हणा. त्याचा मस्कतच्या नोकरीचा व्हिसा येऊन पडला होता. शाळांना बाक पुरवणाऱ्या कुरुविळा सारांनी फळी पास केली तर तो जाणार नव्हता. वासुमतीला आणखी काही नकोच होतं. नवरा असाच आखातात गेला होता आणि पेटीतून परत आला होता.

चाचणीची फळी ओतायच्या दिवशी तिला पोराच्या तळहातांवर फोड दिसले. भुकटीत थोडं तेल राहिलं असणार. तो जेवायला गेला तेवढ्यात तिने चुलीतली राख आणून ओंजळीओंजळीने भुकटीत कालवली. त्याला विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही.

सारांनी फळीवर दोन माणसं उभी केली आणि फळी मधोमध मोडली. प्रशोभने तुकडा उचलला. मोडलेल्या कडेत राखेतले कोळशाचे खडे दिसत होते. त्याने एकदा आईच्या हातांकडे पाहिलं.

"माती ओलसर राहिली, सार. चूक माझीच," तो म्हणाला.

सारांना वाईट वाटलं, पण शाळा उघडायला आल्या होत्या. त्यांनी दुसरीकडून बाक घ्यायचं ठरवलं.

संध्याकाळी भाताची कंजी वाढताना तिने धीर करून विचारलं, "मोने, बाळा, माझ्या राखेनं मोडली का रे?"

"छे गं अम्मा. माती ओली होती, सांगितलं ना."

माती तिनेच अंगणात कडक उन्हात वाळवली होती. ठणठणीत कोरडी होती ती. म्हणजे राखेनंच मोडली होती. पण पोरगा तिच्यासाठी खोटं बोलत होता आणि ते खोटं उघडं पाडायचं तिच्याने होईना. "असेल रे," म्हणत तिने त्याला आणखी कंजी वाढली, आणि रविवारी त्याची मस्कतला न्यायची बॅगही तिनेच भरली.