रक्त जातंय कुठे?

तांदूळ निवडायला बसली की ती चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायची. आमच्या तंजावुरात मुलींना यावरून दटावतात : कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो. शेजारच्या म्हाताऱ्या या पन्नाशी ओलांडलेल्या बाईलाही चिडवायच्या.

"लग्न झालं, पाऊसही पडून गेला," ती म्हणायची. "आता काय, कावेरीला पूर येईल?"

गल्ली हसायची. अंगातलं लोह कमी झालं की कच्चे तांदूळ, माती, खडू खावेसे वाटतात, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

राजवाड्यामागे आमची दारं समोरासमोर. ती पापनाशमच्या शाळेत गणित शिकवायची. नवरा निवृत्त अधिकारी, मधुमेही. लॅबचा माणूस दर महिन्याला घरी येऊन त्याचं रक्त घ्यायचा. एकदा तिनं आपलाही हात पुढे केला.

"माझंही घे, तंबी. जिना चढताना धाप लागते."

"तुला काय धाड भरलीय?" नवरा वर्तमानपत्रातूनच म्हणाला.

"तेच बघू दे की."

रिपोर्ट बघून डॉक्टरीण स्पष्ट बोलली. लाल पेशी नेहमीपेक्षा लहान झाल्यात, लोह संपलंय. पाळी थांबून वर्षं झाली, मग रक्त जातंय कुठे? आतड्याची तपासणी करा, लगेच.

दुपारी नवऱ्याला वाढता वाढता तिनं हे सगळं सांगितलं. त्या पंगतीला मीही होतो, त्यांची मुलगीही.

"नवरात्र होऊ दे," तो भात कालवत म्हणाला. "बाहुल्यांची आरास मांडायचीय, बघायला माणसं येतील. गोळ्या दिल्यात ना?"

नवरात्र झालं. मग त्याचा मोतीबिंदू. मग मुलीला बघायला येणारे पाहुणे. गोळ्या ती घ्यायची, सकाळच्या कापीबरोबर, म्हणजे कॉफीबरोबर. कापीनं लोह अंगाला लागत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तब्येतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं : "नुसती दमणूक रे."

एका संध्याकाळी ती पापनाशमच्या बस स्टँडवर कोसळली.

गाठ आतड्यात होती आणि यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टरिणीनं विचारलं, "इतके महिने काय करत होता तुम्ही?"

"ती काही बोललीच नाही," नवरा म्हणाला.

खाटेवर तिचे डोळे मिटलेले होते. तिला झोप लागलीय असं आम्हाला वाटत होतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही जेवत होता."

अशा बायकांना आपण सोशिक म्हणतो. तुम्हीही ऐकला असेल हा शब्द, बहुधा श्रद्धांजलीत. ती सोशिक नव्हती. तिनं हात पुढे केला होता, तोंड उघडलं होतं.

तेराव्याला पंगत बसली. नवरा शेजारच्या पाहुण्याला सांगत होता, "शेवटपर्यंत एका शब्दानं बोलली नाही हो."

मुलगी भात वाढत होती. ती थांबली.

"अम्मानं सांगितलं होतं, अप्पा. माझ्यासमोर सांगितलं होतं."

पंगतीत कुणी घास उचलला नाही. मग पलीकडून कुणीतरी सार मागितलं.