दोरी कुणाच्या हातात

साउथहॅम्प्टनला आमच्या क्लबची बोट स्वतःच्या जबाबदारीवर न्यायची, तर आधी ती धक्क्याला नीट लावून दाखवावी लागते. शिडं, वारा, भरती-ओहोटी हे मला दोन उन्हाळ्यांत जमलं होतं. खरी मेख होती बोट लावण्यात. बोटीला ब्रेक नसतो, आणि शेजारी कुणाची तरी चकचकीत बोट उभी असतेच. त्या शनिवारी परीक्षा घ्यायला क्लबची शिक्षिका मागे बसली होती. पुढे होते पुण्याहून आलेले बाबा, लाइफजॅकेटचे पट्टे आवळून.

धक्क्यावर क्लबचे नेहमीचे इंग्रज आजोबा हजर होते. येणाऱ्या बोटीची दोरी ओढून घेणं हा त्यांचा छंद. सुकाणूवर पुरुष असला तर आधी विचारायचे, मी असले की न विचारता हात पुढे. मला त्यांची गरज नव्हती. बोटीच्या मधोमध बांधलेली आखूड दोरी घेऊन मीच उतरणार होते आणि धक्क्यावरच्या खुंटीला अडकवणार होते.

"अगं, दे ना त्यांना दोरी," बाबा म्हणाले. "वडीलधारं माणूस हात पसरून उभंय."

आणि मी बोटीच्या टोकाची दोरी त्यांना दिली! मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, हे अंगात मुरलेलं. आजोबांनी जोर लावून ओढली. बोटीचं टोक धाडकन धक्क्यावर आपटलं आणि मागची बाजू वाऱ्यानं बाहेर गेली.

"पुढच्या महिन्यात बघू," शिक्षिका म्हणाली. आजोबांनी वाऱ्याला दोष दिला, तोही अगदी मायेनं. माझं डोकंच फिरलं. त्यांच्यापेक्षा जास्त राग मला माझाच आला होता. ऑफिसात टीम हाकणारी मी, इथे मुकाट्यानं दोरी देऊन बसले होते.

"पुढच्या महिन्यात नाही. आत्ता," मी म्हटलं. तिनं घड्याळ पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

एक फेरी मारून परत आलो. आजोबांचा हात तसाच पुढे. बाबा तर दोरी फेकायच्या तयारीत उभे.

"बाबा, दोरी खाली ठेवा."

"अगं, पण ते..."

"खाली ठेवा आणि बसा."

या सुरात मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते. ते बसले. मग आजोबांना म्हटलं, "नो, थँक्यू. प्लीज स्टँड बॅक." त्यांचा चेहरा पडला. पडू दे. मी इंजिन न्यूट्रलला टाकलं, आखूड दोरी घेऊन उतरले आणि खुंटीला वेढा दिला. बोट हलकेच धक्क्याला टेकून थांबली, कुठेही ओरखडा नाही. शिक्षिकेनं बोटीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

आता बाबांचं बौद्धिक ऐकावं लागणार, असं धरूनच मी त्यांना उतरवायला हात पुढे केला. त्यांनी हाताकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "माझा मी उतरतो."

मी हात मागे घेतला.