रस्ता उघडला काय

गृहरजा म्हणजे आनंदाचा काळ, असं आमच्या मिशनमध्ये मानतात. चार वर्षांनी घरी यायचं, चर्चच्या मंडळ्यांना भेटून कामाची साक्ष सांगायची, नात्यागोत्यात थोडं विसावायचं आणि परत जायचं. मागच्या वर्षी मी, माझे पती आणि चौदा वर्षांची मुलगी रायपूरला उतरलो, तेव्हा माझ्या मनात त्यातलं काहीच नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी इथल्याच बुढापारा मोहल्ल्यातल्या घरी माझी आई वारली होती आणि मी तिच्या मातीलाही पोचले नव्हते.

ईशान्येकडच्या एका डोंगरी गावात आम्ही पंधरा वर्षं काम केलं. पती मुलांचं वसतिगृह पाहत, मी नर्स, दवाखाना सांभाळत असे. आईनं अंथरूण धरल्याचं दादानं फोनवर सांगितलं, त्या दिवशी दरड कोसळून आमचा रस्ता बंद होता. पुढे प्रत्येकाला मी हेच कारण सांगत आले. खरी गोष्ट अशी, की रस्ता चारच दिवस बंद होता आणि आई त्यानंतर दोन महिने जगली. वसतिगृहात गोवर आला होता, पण पोरं बरी झाल्यावरही मी निघाले नाही. रजा वर्षभरावर आलीच आहे, तेव्हा सलग राहू, असं ठरवलं. जो प्रभूचं काम करतो त्याच्या आईला प्रभू सांभाळतो, अशी मनाची समजूतही घातली. ती समजूत आठवली की आज लाज वाटते.

दादानं दार उघडलं, पाणी दिलं, जेवू घातलं. ताटावरून उठताना एवढंच म्हणाला, "आता सुट्टी भेटली काय तुले?" तिसऱ्या दिवशी आम्ही मंडळीच्या आवारातल्या एका खोलीत राहायला गेलो.

महिनाभरानं मिशनचं पत्र आलं. आमच्या गावचं काम आता तिथल्याच माणसांकडे सोपवलं आहे, तुम्ही परतू नये, नवी नेमणूक यथावकाश कळवू. निर्णय चुकीचा नव्हता. हे काम त्या लोकांनी हाती घ्यावं म्हणून आम्हीच वर्षानुवर्षं प्रार्थना केली होती. पण आम्ही दोन ट्रंका घेऊन सहा महिन्यांसाठी आलो होतो, कुणाचा धड निरोपही घेतला नव्हता. मुलीनं पत्र वाचलं आणि विचारलं, "मम्मी, तो अब हम कहाँ के हैं?" तिचा जन्म तिथला. मराठी तिला कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. पती म्हणाले, "देवाची काही योजना असेल." मी म्हणाले, "त्या योजनेत माझी आई कुठं होती?" त्यानंतर कित्येक आठवडे प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवत होते. अशातच पाळकसाहेबांनी सांगितलं, येत्या रविवारी तुमची साक्ष ठेवली आहे.

शुक्रवारी मी गोल बाजारात भांडी घ्यायला गेले. पातेलं हातात घेतलं आणि वाटलं, माझी सगळी भांडी तिकडे फळीवर तशीच आहेत, त्यांत आता दुसरं कुणी रांधत असेल. दुकानातच मला रडू फुटलं. बाजूला एक पन्नाशीची बाई डबे पाहत होती. ती जवळ आली.

"काहून रडून राहिली वं बाई?" ती म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबली. "तुम्ही बुढापाऱ्यातल्या नर्सबाई काय? पहाडात राहता त्या? तुमच्या मायच्या उशाशी फोटो होता तुमचा."

दादा-वहिनी दोघंही नोकरीवर जात, म्हणून आईजवळ दिवसभर बसायला दादानं तिला ठेवलं होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. आई माझ्यावर रागावली होती का, असं मी विचारलं. ती गोड बोलेल अशी माझी अपेक्षा होती.

"रागावली होती," ती म्हणाली. "खोटं कायले सांगू? पहाडातला रस्ता बंद हाय, असं तुमच्या भैयानं तिले सांगितलं होतं. रोज मले विचारे, रस्ता उघडला काय. मी म्हणो, नाही जी, अजून नाही. मी बुद्धाले मानणारी, तरी तिचं बायबल रोज वाचून दाखवो. शेवटच्या दिवशी तिनं मलेच तुमच्या नावानं हाक मारली. म्हणे, आली तू? रस्ता उघडला काय? मी म्हटलं, हो माय, उघडला. मंग तिनं माझा हात धरला. घंटाभरात गेली."

उठता उठता ती म्हणाली, "तुमच्या नावानं मी हो म्हटलं. तुमाले सांगाचं राहून गेलं होतं."

रविवारी मी उभी राहिले. तयार केलेली साक्ष बाजूला ठेवली आणि रस्ता चारच दिवस बंद होता, हे मंडळीसमोर सांगितलं. माझ्या जागी देवानं कुणाला बसवलं, तेही सांगितलं. कुणी 'आमेन' म्हटलं नाही. उपासनेनंतर दोन-तीन बायका माझी नजर चुकवून निघून गेल्या.

संध्याकाळी दादाकडे जाऊन तेच सांगितलं. तो पेपर वाचत होता. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "बातम्यायमध्ये दाखवलं होतं, रस्ता चालू झाला म्हणून."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुले यायचं नाही म्हणून?" त्यानं पेपर पुन्हा उघडला. आमच्यात अजूनही फारसं बोलणं होत नाही. पण माझं खोटं त्यानं जाणूनबुजून आपल्या तोंडी घेतलं होतं, आईसाठी आणि कदाचित माझ्यासाठीही.

नवी नेमणूक अजून आलेली नाही. मुलगी इथल्या शाळेत जाते. समर्पण म्हणजे आपलं सर्वस्व देवाला देणं, असं मी पंधरा वर्षं शिकवलं. जे द्यायचं होतं आणि दिलं नाही, तेही त्याच्याच हाती सोपवावं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या आईचा हात रिकामा राहिला नाही, तिकडची पोरंही पोरकी झालेली नाहीत, आणि या दोन्हींसाठी त्याला माझी गरज पडली नाही. हे गिळायला कडू आहे. ती कडू चव तोंडात असतानाच मी रोज त्याचे आभार मानते.