उलट्या वाऱ्याचे मेश्रामदादा

दुसऱ्याची चूक ऐकू आली की मेश्रामदादा चहाचा घोट घ्यायचे. चूक मोठी असेल तर घोटही मोठा. तोंडातून मात्र अवाक्षर नाही.

फेल्डहोवन या डच गावात सायकल दुरुस्तीच्या एका दुकानामागच्या खोलीत आमचा बँड दर गुरुवारी सराव करायचा. सराव संपला म्हणून लगेच घरी पळता यायचं नाही. दादा फोनवर केलेलं रेकॉर्डिंग लावायचे, थर्मासमधला चहा सगळ्यांच्या कपात ओतायचे आणि आम्ही चौघं आपणच केलेला गोंधळ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचो. नियम एकच. "ज्याची चूक त्यानं सांगायची. दुसऱ्याची ऐकू आली, तर चहा प्यायचा." मी पुण्याची. दुसऱ्याची चूक दिसत असताना गप्प बसायचं म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच होती. सुरुवातीला तर घरी गेल्यावर मी नवऱ्याच्या चुका काढून कसर भरून काढायचे.

प्रशांत मेश्राम मूळचे नागपूरचे. इथल्या कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. माझी त्यांची ओळख आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात झाली. वस्तीतल्या समाजमंदिरासारख्या एका हॉलमध्ये ते ढोलक वाजवत होते आणि मी मैत्रिणीबरोबर मागे बसले होते. कार्यक्रम संपल्यावर ते थेट माझ्याकडे आले. "मघापासून तुझा पाय बरोबर ठेक्यावर पडून राहिला. काय वाजवतेस तू?" म्हटलं, कॉलेजात बेस गिटार वाजवायचे, आता नाही वाजवत. "काहून?" असं विचारून त्यांनी सरावाचा पत्ता दिला. पुढच्या गुरुवारी मी त्या खोलीत होते.

ड्रम्सवर दादा, बेसवर मी, गायला मुंबईचा रोहन आणि लीड गिटारवर योस्ट नावाचा दादांचा डच सहकारी. सगळेच सरावाला वाऱ्याशी झुंजत सायकलवर यायचो, म्हणून बँडचं नाव पडलं ‘उलटा वारा’. वाजवायचो जुनं इंग्रजी रॉक. गिऱ्हाइकं म्हणजे इथल्या राजाच्या वाढदिवसाची जत्रा, कंपनीच्या पार्ट्या आणि महाराष्ट्र मंडळाची दिवाळी. मंडळात आमच्या पहिल्या गाण्याला लोक जेवायला उठायचे.

चहाचा नियम कुठून आला हे दादांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील नागपुरात भीमगीतं गाणाऱ्या पार्टीत ढोलक वाजवायचे. एका कार्यक्रमानंतर गायक म्हणाला ताल चुकला, वडील म्हणाले सूर चुकला. दोघांनी एकमेकांची लायकी काढली आणि पार्टी तिथेच मोडली. वडिलांनी नंतर ढोलकाला हात लावला नाही. "दोघंही खरं बोलून राहिले होते गं," दादा म्हणाले. "पण एकमेकांचं." एवढं बोलून त्यांनी सायकलचं कुलूप उघडलं आणि विषय संपवला.

आमचं नशीब फिरलं ते दादांमुळेच. एका गुरुवारी त्यांनी ड्रम्सवर लहानपणीचा ढोलकाचा ठेका धरला, योस्टनं त्यावर गिटार गुरगुरवली आणि रोहननं तिथल्या तिथे सुचलेली मराठी ओळ गायली. त्या दिवशी कुणीही चहा प्यायला नाही, कप तसेच गार झाले. वर्षभरात आमची स्वतःची गाणी तयार झाली. ती ऐकून आइंडहोवनच्या एका मोठ्या सभागृहाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंचा फोन आला. एक नामांकित बँड देशभर दौरा करणार होता आणि त्यांच्या आधी वाजवायला कुणीतरी नवं हवं होतं. चार गाण्यांचं रेकॉर्डिंग तीन महिन्यांत पाठवा, म्हणाल्या. असा फोन पुन्हा येत नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आणि नेमका तेव्हाच दादांचा ताल ढळायला लागला.

पहिल्यांदा ते मला कळलं. ड्रम्स आणि बेस म्हणजे एका सायकलवर डबलसीट बसलेली दोन माणसं, पुढचा जरा अडखळला तरी मागच्याला धक्का बसतो. गाणं अर्ध्यावर गेलं की त्यांचा उजवा हात जड व्हायचा आणि सगळं गाणं मागे ओढलं जायचं. रेकॉर्डिंगमध्ये ते स्वच्छ ऐकू यायचं. आम्ही चहा प्यायचो. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच, पुन्हा चहा. योस्ट तर डच माणूस, समोरच्याचा नवा शर्ट आवडला नाही तर तोंडावर सांगणारा. तोही कपात नाक खुपसून बसायचा. आणि दादा आपल्याच वाजवण्यावर काही न बोलता थर्मास धुवायला उठायचे.

रोहननं मला फोन केला. "अनघा, तू बोल ना. तुझं ऐकतात ते."

"नियम त्यांचा आहे," मी म्हटलं.

"नियम पाळत बसलो तर दौरा जाईल यार."

"आणि बोललो तर दादा जातील."

मला तो दौरा हवा होता, अगदी मनापासून हवा होता. आणि ड्रम्सच्या मागे दुसरं कुणी बसलेलं मला बघवणार नव्हतं.

पुढच्या गुरुवारी दादांनी रेकॉर्डिंग लावलं आणि मधेच थांबवलं. तोच तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा.

"इथं कोण चुकून राहिलं?"

आम्ही कप उचलले.

"ठेवा ते खाली. मीच चुकून राहिलो. मनगटाची नस दबली आहे. फॅमिली डॉक्टरनं पॅरासिटामॉल देऊन पाहिली, मग मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. रोजच्या कामाला हात चांगला आहे. ड्रम्सला नाही." त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. "खरं सांगू? मी वाट पाहत होतो की तुमच्यापैकी कोणी बोलेल. म्हणजे मला भांडता आलं असतं. भांडून इथंच बसून राहिलो असतो. तुम्ही तर एवढा चहा प्यायले, की मलाच लाज वाटली."

रोहन लगेच म्हणाला, "दादा, कॉम्प्युटरवर ताल सरळ करू. कुणाला कळणार नाही."

"रेकॉर्डिंग सरळ करशील, बाबा. स्टेजवर माझा हात कसा सरळ करशील?"

योस्ट उठला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला. मी रडले नाही, कारण दादा माझ्याकडे बघून हसत होते.

दुसरा कुणी असता तर एवढं बोलून घरी गेला असता. दादांनी आपली जागा घेणारं माणूसही स्वतःच शोधून आणलं. लॉटे नावाची शाळेतली शिक्षिका, जवळच्या गावात कार्निव्हलच्या मिरवणुकीत ड्रम वाजवायची. हात लोखंडाचा, पण ठेका आकड्यांत मोजणारा. दादांनी तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि बोटांनी तो ढोलकाचा ठेका शिकवला. "मोजू नकोस, चालत राहा," असं तिला इंग्रजीत सांगून ते तिच्या पुढे घरभर चालायचे आणि ती मागून टाळ्या वाजवत फिरायची. वहिनी म्हणायच्या, लग्नाआधीसुद्धा यांनी माझ्या घरापुढे एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्या. ज्या दिवशी लॉटेचा ठेका बरोबर पडला, त्या दिवशी दादांनी आपल्या काठ्या तिच्या पिशवीत टाकल्या आणि तिला भरपूर तिखट सावजी रस्सा खायला घातला. ती घाम पुसत जेवली.

रेकॉर्डिंग गेलं, आम्ही निवडले गेलो आणि पुढचं सगळं अजूनही आम्हाला खरं वाटत नाही. आता आमची गाणी रेडिओवर लागतात, ज्यांना मराठीचा गंध नाही असे लोक ती आमच्याबरोबर गातात. दादा मात्र सरावाला पुन्हा आले नाहीत. किती वेळा बोलावलं. "नवी सून आल्यावर सासूनं स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसू नये," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला राग यायचा त्याचा. बँड त्यांनी उभा केला, चांगले दिवस आले आणि तेच बाहेर.

अ‍ॅमस्टरडॅमच्या मोठ्या सभागृहात आमचा स्वतःचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा ते आले. रोहननं माइकवरून त्यांना स्टेजवर बोलावलं. ते जागचे हलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर मी बेस तसाच टाकून खाली धावले. हॉल रिकामा होत होता, लोक प्लास्टिकचे ग्लास तुडवत बाहेर पडत होते आणि दादा अगदी मधोमध जॅकेट हातात घेऊन उभे होते. एवढ्या टाळ्या ऐकून आलेली मी, पण मला त्यांचंच ऐकायचं होतं.

"कसं झालं, दादा?"

त्यांनी रिकाम्या ड्रम्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इतकी वर्षं मागं बसून वाजवलं ना, अनघा. समोरून कसा वाटते ते कधी ऐकलंच नव्हतं. भारी आहे गं आपला बँड."

आपला, म्हणाले. मला तिथेच रडू फुटलं.